एकवीस इंचांची जागा

दुकानात आलेला माणूस पहिला प्रश्न किलोचा विचारतो. सहा किलोचं मशीन घ्यावं की सात किलोचं? मी त्याला उलट विचारायचो, तुमच्या घराचं दार किती इंचांचं आहे? माणूस चिडायचा. आपण कपडे धुवायचं मशीन घ्यायला आलो आणि हा दारं-चौकटी विचारतो, म्हणजे याला काही विकायचं आहे की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. आमच्या मालकांच्याही तोंडावर तेच दिसायचं. पण इतकी वर्षं भंडाऱ्याच्या दुकानात वॉशिंग मशीनचा डेमो आणि फिटिंग करताना माझं एकही मशीन जागा नाही म्हणून परत आलं नाही. हा मोठेपणा मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मालकांचं निम्मं गिऱ्हाईक पलीकडे गेलं. मग ते इकडच्या लहान गावांकडे वळले आणि त्यांच्यासोबत मीही. बंगल्यात मशीन ठेवायला अक्कल लागत नाही. दोन खोल्या आणि एक न्हाणी असलेल्या घरात लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथं तर अंथरूण कुठं टाकावं हाच प्रश्न.

ज्यांना या धंद्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक असतं सेमी. त्याला दोन टाक्या. नळ नसला तरी चालतं, बादलीनं पाणी ओता. पण ते अडीच फूट जागा खातं, आणि धुतलेले ओले कपडे एका टाकीतून काढून दुसरीत हातानंच टाकावे लागतात. दुसरं असतं वरून झाकणाचं फुल्ली. ते एकवीस इंचांत बसतं, वर झाकण उघडायला मोकळी जागा मागतं, मागे पाइपाला चार बोटं, आणि उंचावर पाण्याची टाकी हवी. त्याच्यात हात बुडवावा लागत नाही. तिसरं पुढून दार उघडणारं. ते वजनानं एखाद्या म्हशीच्या रेडकाएवढं, आणि काळ्या मातीवर भर घालून केलेली फरशी त्याच्याखाली बसत जाते. तेव्हा किलो मागाहून पाहा. आधी जागा पाहा, आणि जागेच्याही आधी रस्त्यापासून त्या जागेपर्यंतची वाट मापा.

साकोलीच्या एका गुरुजींनी माझं ऐकलं नाही. घर बांधत असतानाच त्यांनी मशीन न्हाणीत नेऊन ठेवलं आणि चौकट नंतर बसवली. आता ते मशीन काही केल्या बाहेर येत नाही. दुरुस्तीला गेलो की मला आत घेऊन गुरुजी बाहेरून दार ओढून घेत, कारण दार उघडं असलं की आत वाकायला जागा उरत नसे. अंधाऱ्या न्हाणीत मशीनसोबत कोंडून घेताना मला दर वेळी वाटायचं, हे यंत्र आपल्याला ओळखतं. बाहेर आलो की हसू यायचं.

माझी स्वतःची एक रीत होती. मशीन पसंत पडलं तरी मी ते लगेच पाठवत नसे. आधी त्याच मापाचा रिकामा खोका घरात नेऊन ठेवायचो आणि सांगायचो, तीन दिवस याला नांदू द्या. नव्या सुनेसारखा. तीन दिवसांनी मी जाऊन खोका तपासायचो. कुणाचा गुडघा कुठं आपटला, कुणाचं कोपर कुठं घासलं, लेकरानं कुठं लाथ मारली, सगळं त्या पुठ्ठ्यावर उमटलेलं असायचं. पोचे जास्त असले की जागा बदलायची. गिऱ्हाईक खोटं बोलतं, म्हणतं अडचण काहीच नाही. पण पुठ्ठा खोटं बोलत नाही. पोचे वाचण्याच्या या विद्येचा मला गर्व होता. त्याच विद्येनं मला एकदा फसवलं, ते सांगायला मी हे लिहीत आहे.

त्याआधी कोंढ्याची एक गोष्ट सांगतो. एका निवृत्त कारकुनांची तक्रार आली की नवं मशीन आवाज करत नाही. तक्रार वहीत लिहिताना मला वाटलं, यांना उलटं म्हणायचं असेल. जाऊन पाहिलं तर मशीन उत्तम चाललेलं आणि आत एकही कपडा नाही. त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती रोज दुपारी जुनं सेमी लावायची आणि त्या खडखडाटात हे झोपायचे. जुनं मोडलं, मुलानं नवं पाठवलं, ते मुक्यासारखं चालायचं. मी मशीनचा मागचा एक पाय दीड फेरा ढिला केला. मशीन थरथरायला लागलं, भांड्यांची मांडणी वाजायला लागली. ते दिवाणावर आडवे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, आता आली."

मी बसस्टँडपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. घरातला आवाज ही काय चीज असते, हे मला तिथंच कळायला हवं होतं. पण मी इंचांचा माणूस. कळलं नाही.

वंदना दुकानात आली तेव्हा तिनं दोन्ही हात ओढणीखाली झाकले होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एका गावाचं जे नवं गाव वसवलं, तिथली ती अंगणवाडी सेविका. नवरा नागपूरकडे कंपनीत, रविवारी यायचा. घरात ती, चार वर्षांची मुलगी परी आणि सासू. तिनं हात बाहेर काढले आणि मी मान फिरवली. बोटांची कातडी जागोजागी फाटलेली, कडा पांढऱ्या पडलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, नाहीतर हे भरणार नाही. आणि सासूचं अंथरूण तर रोजच ओलं व्हायचं, म्हणजे रोज गोधडी, रोज चादर. पेन धरवत नव्हतं, रजिस्टर मागे पडलं होतं, वरच्या मॅडम एकदा बोलूनही गेल्या होत्या. हात बरे झाले नाहीत तर नोकरी जाणार, एवढी सरळ गोष्ट होती. सेमी तिच्या कामाचं नव्हतं. तिला फुल्लीच हवं होतं आणि तिचं घर लहान होतं.

मी माप घ्यायला गेलो. विहाराच्या मागच्या गल्लीतलं घर. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकाची आडोशाएवढी जागा, आणि मागे उघड्यावर न्हाणी, तिच्यात एक बादली आणि एक माणूस एवढंच मावायचं. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, मशीन ठेवावं तर माकडं पाइप तोडणार. स्वयंपाकाजवळ ठेवावं तर चूल की मशीन, हा प्रश्न. जागा नाही, जागा नाही, असं पुटपुटत मी मधल्या खोलीत टेप घेऊन उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे आधी माणसं कशी चालतात ते पाहू लागलो.

सासू, म्हणजे भागरथाबाई, खाटेवरून उठली आणि पाणी प्यायला निघाली. सरळ वाट होती चार पावलांची. पण ती सरळ गेली नाही. कोपऱ्याजवळ येताच तिनं वळसा घेतला, आणि वळताना डावा हात हवेत टेकवला, कशाला तरी धरून चालावं तसा. तिथं काहीच नव्हतं. स्वच्छ सपाट फरशी. पुढं जाऊन तिनं पाय उचलला, उंबरा ओलांडताना उचलतो तसा. तिथं उंबराही नव्हता.

म्हातारं माणूस, असतं एखादं खूळ, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात परी धावत आली. तिनं त्याच कोपऱ्याला वळसा घातला आणि त्याच ठिकाणी टुणकन उडी मारली. मागून वंदना माझ्यासाठी चहा घेऊन आली. तिच्या हातात तबक होतं, तिनं खाली पाहिलंही नाही, आणि तीही वळूनच आली.

मी विचारलं, "इथं काही होतं का?"

"इथं?" ती म्हणाली. "इथं काई नाई भाऊ." मग ती त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. पहिल्यांदाच पाहत असावी. "जुन्या घरी तिथं ढोली होती," ती हळूच म्हणाली.

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी, शेणानं लिपलेली. वंदना लग्न होऊन जुन्या घरी आली होती, दोन वर्षं तिथं राहिली होती. गाव उठलं तेव्हा तिच्या सासऱ्यानं जुनं घर पावलांनी मोजलं आणि नव्या प्लॉटवर तसंच आखलं. प्लॉट लहान, म्हणून दारापुढची छपरी गेली, एक खोली गेली. पण जे बसलं ते त्यानं जुन्या जागीच बसवलं. घरावर टिना, म्हणजे पत्रे, पडायच्या आत तो वारला.

"मग परी?" मी म्हटलं. "तिनं जुनं घर पाहिलं आहे का?"

"थे तं इथंच जन्मली," वंदना म्हणाली, आणि चहा थंड होतो म्हणून मला आग्रह करू लागली.

मी खोका त्याच कोपऱ्यात ठेवला. तीन दिवसांनी गेलो. इतक्या वर्षांत मी असा खोका पाहिला नव्हता. एक पोचा नाही, एक ओरखडा नाही, लेकराच्या बोटाचा डागसुद्धा नाही. खोक्याभोवती वीतभर धूळ जशीच्या तशी; झाडूही तिथं गेला नव्हता. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मला आनंद झाला. एवढ्याशा घरात तीन माणसांचा पाय चुकूनही पडत नाही अशी एकवीस इंचांची जागा सापडली, यापेक्षा या धंद्यात आणखी काय मागावं?

मशीन बसवलं, मागच्या उंच टाकीवरून पाइप आणला, सांडपाण्याची नळी मागे काढली आणि वंदनाला बटणं समजावून चालू केलं. भिंतीतून पाणी सुसाट येऊ लागलं आणि टाकीत भरायला लागलं. त्या लहान खोलीत तो आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. भागरथाबाई खाटेवर उठून बसली. कान देऊन तिनं ऐकलं. मग उठली, तांदळाचा डबा खालून उचलून फळीवर ठेवला, परीचं दप्तर खुंटीला टांगलं, दोन लुगडी एका चादरीत बांधली आणि परीचा हात धरून बाहेर निघाली. रस्त्याच्या पलीकडे उन्हात गाठोडं घेऊन बसली.

"पानी चढून राहिलं," ती शेजारणीला सांगत होती, शांतपणे, एखादी रोजची गोष्ट सांगावी तसं.

मी हसलो. हे मी लपवत नाही. वंदनाला म्हटलं, चार दिवसांत सवय होईल, आमच्याकडे तर लोक फ्रिजलाही घाबरायचे. ती बिचारी हो म्हणाली. तिला हात बरे करायचे होते.

सवय झाली नाही. पंधरा दिवसांनी वंदनाचा फोन आला की रोज मशीन लावलं की माय, म्हणजे सासू, गाठोडं बांधते. शेजारचे बोलू लागले, सुनेनं बुढीला घराबाहेर काढलं म्हणून. बरं, मशीन बंद असलं तरी ती दिवसभर एकच धोशा लावते, या घरात जागा नाही, मशीनवाल्याले बोलाव. वंदनाचे हात भरायला लागले होते, रजिस्टरही पुरं होत आलं होतं, आणि आता ती विचारत होती की मशीन परत घेता का. मी म्हटलं, परत कशाला, आवाजच कमी करून देतो.

धान कापणीचे दिवस होते. मी पोचलो तेव्हा दुपार झालेली, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे मजुरीला गेलेले. वंदना चार घरं पलीकडे अंगणवाडीत. खाटेवर भागरथाबाई आणि तिच्या पायाशी परी. बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आला का बाबू? जागा पाहाले आला?" मी हो-हो म्हटलं, जसं म्हाताऱ्यांना म्हणतो तसं, आणि कामाला लागलो. पायांखाली रबर घातलं, नळीला फडकं गुंडाळलं आणि आवाज किती उरतो ते पाहायला पाणी सोडलं. मी मशीनच्या मागे, डोकं कोपऱ्यात, कान पाइपाला. आवाज खरंच कमी झाला होता. स्वतःवर खूश होऊन उठलो तर खाट रिकामी होती.

रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, तिथंही कुणी नाही. या वेळी गाठोडंही तिनं नेलं नव्हतं. तांदळाचा डबा खालीच होता.

वंदनाला बोलवायला मी अंगणवाडीकडे धावलो. ती माझ्याकडे पाहूनच समजली. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, नुसती म्हणाली, "जुन्या रस्त्यानं," आणि पळत सुटली.

नव्या गावापासून जुन्या गावाचा रस्ता अजून आहे. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूला बाभळी, मैलाचा दगड, सगळं रीतसर. फक्त पुढं जाऊन तो पाण्यात शिरतो. पाट्या नाहीत, कठडा नाही, रस्ता आपला सरळ उतरत जातो आणि पाणी सुरू होतं. जुनं गावठाण चढावर होतं, त्यामुळे त्याची वरची कड काठालाच आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काही घरांची जोती दिसतात म्हणे. तेव्हा तर पाणी भरलेलं होतं आणि एक लाटही हलत नव्हती.

काठावर एका ठिकाणी परी मांडी घालून बसली होती. अंगावर पाण्याचा थेंब नाही. वंदनानं तिला उचलून छातीशी धरलं आणि आजी कुठं आहे म्हणून विचारलं.

"आजी घरात गेली," परी म्हणाली. "मले म्हणे, तू छपरीत बस."

समोर, पंधरा-वीस पावलांवर, कमरेएवढ्या पाण्यात भागरथाबाई आमच्याकडे पाठ करून उभी होती. डावा हात तिनं हवेत टेकवला होता.

वंदनानं हाक मारली, "माय!" ती वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माहेरी आलेल्या बाईचा चेहरा असतो तसा तो मोकळा होता.

"आली का?" ती म्हणाली. "पाह्य, घर कोरडं झालं. सारं पानी तिकडे आलं ना तुह्या घरात, म्या आयकलं. तिकडे भरलं म्हणजे इथलं उतरलं."

वंदना परीला खाली ठेवून पाण्यात शिरली. ती एक पाऊल पुढं गेली तशी म्हातारी एक पाऊल मागे सरकली, आणि पाणी तिच्या कमरेच्या वर चढलं. मी वंदनाचा दंड धरून तिला थांबवलं. मग म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"बाबू, तू आला थे बरं झालं. त्या घरी जागा नाई म्हणत होता ना तू? रोज मोजून राहिला, जागा नाई, जागा नाई. सुनेचे हात पाह्य कसे झाले. इथं जागाच जागा हाय. ये, माप."

तेव्हा मला समजलं. पंधरा दिवस ती भीतीनं बडबडत नव्हती. ती माझी अडचण सोडवत होती. सुनेच्या हातांसाठी मशीन पाहिजे, मशीनला जागा पाहिजे आणि आपलं मोठं घर रिकामं पडलं आहे, एवढाच तिचा हिशोब होता. मी तिच्या देखत इंच मोजत राहिलो होतो आणि ती खाटेवरून सगळं ऐकत होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

टेप माझ्या खिशातच होता. चपला काढून मी पाण्यात उतरलो. कार्तिकाचं पाणी, गार. मला पोहता येत नाही. सात-आठ पावलं गेलो असेन, ती म्हणाली, "उंबरा हाय, पाय उचल."

मी पाय उचलला नाही. माझा अंगठा दगडाला ठेचला. लांब, सरळ, घडवलेला दगड होता, दोन्ही बाजूंना पाय फिरवून पाहिला तरी तो संपेना. तो उंबराच असेल असं मी म्हणत नाही. पण मी तो ओलांडला आणि त्यानंतर ती जिथं सांगेल तिथंच पाय ठेवला.

टेपचं टोक मी तिच्या हातात दिलं. तिनं ते भिंतीला लावावं तसं हवेत धरलं. मी मागे सरकलो आणि आकडा वाचला.

"बसन का?" तिनं विचारलं.

"बसते, आजी. पण मशीन आणाची वाट मापा लागन," मी म्हटलं. "दार कुठं हाय? दाखवा. टोक सोडू नका."

ती दाराच्या दिशेला वळली. मग चालू लागली, टेपचं टोक घट्ट धरून, माझ्या पुढं. दार दाखवलं. मी मोजलं, आकडा मोठ्यानं सांगितला. मग ओसरी. मग छपरी. परी पुन्हा तिथंच येऊन बसली होती. टेप आला तशी ती आपणहून बाजूला सरकून बसली. मग अंगण, मग फाटक. दर मापागणिक पाणी कमरेवरून मांडीला, मांडीवरून गुडघ्याला उतरत गेलं. डांबर पायाला लागलं तेव्हा वंदनानं सासूला दोन्ही हातांनी धरलं.

म्हातारीनं त्या हातांकडे पाहिलं, बोटं उलटी-सुलटी करून पाहिली. "आता आराम पडन," ती म्हणाली. वंदना रडत होती, मीही रडत होतो. एवढा मोठा बाप्या भर दुपारी रस्त्यावर टेप हातात घेऊन रडतो आहे, हे पाहायला तिथं कुणी नव्हतं ते बरंच झालं.

त्या दुपारची मापं माझ्या वहीत अजून आहेत. दार बत्तीस इंच, असं मी लिहून ठेवलं आहे. का लिहिलं ते ठाऊक नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जाऊन पडताळून पाहावं असं पुष्कळदा मनात आलं. गेलो नाही. ते बरोबर निघालं असतं तर काय करायचं, हे मला ठरवता आलं नाही.

मशीन परत न्यायला मी दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन गेलो. वंदना म्हणाली, एकदा लावून तर पाहू. ती सासूच्या खाटेजवळ बसली, परीला मांडीवर घेतलं. मी बटण दाबलं. भिंतीतून पाणी आलं, टाकीत भरू लागलं. मी भागरथाबाईकडे पाहत होतो. तिनं कान दिला. फळीकडे पाहिलं नाही, चादर ओढली नाही.

"तिकडे कपडे धुवाले पडले," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

मशीन तिथंच राहिलं. तिच्या लेखी ते आता तिथं नव्हतं. ते पाण्याखालच्या मोठ्या घरात, उंबऱ्याच्या आत, बसवून झालं होतं, आणि आवाज तिकडून येत होता. वंदनाचे हात दोन महिन्यांत भरून आले. नोकरी राहिली.

वर्षभरानं सर्व्हिसला गेलो. भागरथाबाई खूप वाळली होती, खाटेवर उशीएवढीच दिसायची. मशीन चालू होतं, कपडे पिळून निघत होते. तिनं मला ओळखलं आणि खूण करून जवळ बोलावलं.

"बाबू, तू तिकडूनच आला ना?"

मी हो म्हटलं.

"धुनं तं होते. पन तिकडे वाळू कोन घालते?"

मशीन थांबलं. वंदनानं झाकण उघडलं, आतून पिळलेली चादर काढली, आणि मागे वळून न पाहता साध्या आवाजात म्हणाली, "बाबाजी घालतेत, माय."

बाबाजी म्हणजे तिचा सासरा, घरावर टिना पडायच्या आत वारलेला.

भागरथाबाईनं वरच्या टिनांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं, नवऱ्याची खोड सांगताना बायकांना येतं तसं.

"जलमभर कधी एक दुपट्टा वाळू घातला नाई त्यानं," ती म्हणाली. "आता शिकला म्हना."